निजलेल्या माणसाची खोली

आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसे एकदम हळू आवाजात बोलू लागली, की समजायचे, कुणाला तरी तो आजार झाला आहे. क्षय हा शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. मग त्या माणसाचे ताट-वाटी-भांडे वेगळे व्हायचे, दुधाचा रतीब वाढायचा, सोवळ्याओवळ्याच्या घरातसुद्धा मागच्या दाराने अंडी यायची आणि एके दिवशी ट्रंक आणि वळकटी घेऊन तो माणूस हवापालटाला जायचा. पाचगणीला गेला म्हणजे घरची परिस्थिती बरी. मिरजेला गेला असे कुणी सांगितले, की मिरजेला म्हणजे वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. काहीजण परत यायचे ते गाल वर आलेले, अंगाने भरलेले असे. काहींचे नुसते सामान परत यायचे.

तोवर गोळ्या आणि इंजेक्शने आलेली होती, पण लोकांच्या मनातला उपचार जुनाच होता: मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न. त्याआधीची साठ-सत्तर वर्षे तर याखेरीज दुसरे काही हाताशी नव्हतेच. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू जगाला दाखवला खरा. पण जंतू दिसला म्हणून तो मेला नाही. डॉक्टरांपाशी द्यायला होती ती हवाच. आणि हवा हेच औषध असेल, तर इमारत ही त्या औषधाची बाटली झाली. बाटलीला गळती असेल, बूच घट्ट नसेल, तर औषध कितीही चांगले असून काय उपयोग?

हा विचार ज्याने अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेला तो माणूस डॉक्टर नव्हता. तो वास्तुशिल्पी होता. फिनलंडचा अल्वार आल्टो. चंदीगडमुळे ल कार्बुझिएचे नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. आल्टोने भारतात काही बांधले नाही, त्यामुळे त्याचे नाव आपल्याकडे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपुरतेच राहिले. त्याने पुढे ग्रंथालये बांधली, चर्च बांधली, नगरपालिकेच्या कचेऱ्या बांधल्या, फुलदाण्या घडवल्या. पण माणूस म्हणून तो समजून घ्यायचा असेल, तर पाइनच्या रानात त्याने क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या एका इमारतीपाशी जावे लागते.

आल्टोचा जन्म ३ फेब्रुवारी १८९८ चा, पश्चिम फिनलंडमधल्या कुओर्ताने या खेड्यातला. देश तेव्हा रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. फिनलंड म्हणजे पाणी आणि झाडे. लहानमोठी मिळून एक लाख ऐंशी हजारांहून जास्त तळी, आणि जमिनीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली. आल्टो या आडनावाचा फिनिश भाषेतला अर्थच मुळी लाट. आजोबा, म्हणजे आईचे वडील, जंगलविद्येच्या संस्थेत शिकवणारे. वडील सरकारी भूमापक. रानातून, तळ्यांच्या काठाने हिंडत जमिनी मोजायच्या आणि घरी येऊन त्यांचे नकाशे काढायचे, हा त्यांचा उद्योग.

या वडिलांचे एक भले मोठे पांढरे टेबल होते. त्यावर नकाशे पसरून वडील आणि त्यांचे मदतनीस काम करत, आणि छोटा अल्वार त्याच टेबलाखाली खेळत असे. तिथे त्याचे राज्य होते. थोडा मोठा झाल्यावर त्याला टेबलाच्या वर जागा मिळाली, कागद आणि पेन्सिली मिळाल्या. म्हातारपणी त्याने या टेबलावर मोठ्या प्रेमाने लिहिले आहे. नकाशावर टेकड्यांची उंची दाखवणाऱ्या वळणदार रेषा असतात ना, एकात एक गुंफलेल्या? आल्टोच्या पुढच्या इमारतींमधल्या भिंती, छते, इतकेच काय, काचेच्या फुलदाण्यासुद्धा पाहिल्या, की मला त्या रेषाच आठवतात. त्याची लाट तळ्यातून आली असे सगळे म्हणतात. मला वाटते, ती वडिलांच्या टेबलावरून आली.

तो आठ वर्षांचा असताना, १९०६ साली, आई गेली. पुढे वडिलांनी तिच्याच बहिणीशी लग्न केले. माय मरो पण मावशी जगो ही म्हण त्या बर्फाळ देशात कुणी ऐकली नसेल. पण अल्वारच्या घरी ती खरी झाली. फ्लोरा मावशीने मुलांना आईची उणीव भासू नये इतके केले. घर तोवर युवास्कुला या गावी आलेले होते. तिथे शाळा झाली आणि १९१६ साली तो हेलसिंकीला वास्तुकला शिकायला गेला. मधेच १९१८ चे यादवी युद्ध आले, त्यात पांढऱ्या सेनेकडून लढून आला आणि १९२१ साली पदवी घेतली.

पदवी मिळाली तरी कामे कोण देणार? पण आल्टोला आत्मविश्वासाची वाण कधीच नव्हती. १९२३ साली त्याने युवास्कुलात कचेरी उघडली आणि पाटीवर आपल्या नावाबरोबर वास्तुशिल्प आणि भव्य कला वगैरे शब्द मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले. बोलण्यात पटाईत, गोष्टी रंगवून सांगण्यात त्याहून पटाईत, खर्चिक, खाण्यापिण्याचा शौकीन असा हा गडी. दुसऱ्याच वर्षी त्याच्या कचेरीत आयनो मार्सिओ नावाची वास्तुशिल्पी कामाला आली. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. शांत, नेटकी, मोजके बोलणारी. वर्ष संपायच्या आत, ऑक्टोबर १९२४ मध्ये, दोघांचे लग्न झाले आणि जोडपे इटलीला फिरून आले. इटलीचे वेड आल्टोला जन्मभर पुरले. त्याचा फटका एकदा चांगलाच बसला, पण ते पुढे.

१९२७ साली एका सहकारी संस्थेच्या इमारतीची स्पर्धा जिंकून ही मंडळी तुर्कूला राहायला आली. तुर्कू हे फिनलंडचे जुने बंदराचे शहर. स्वीडनकडून, युरोपाकडून नव्या कल्पना तिथे आधी उतरायच्या. १९२८ साली आल्टो हॉलंडमध्ये हिल्व्हरसमचे नवे कोरे सॅनेटोरियम पाहून आला. काँक्रीट, काच आणि उजेड यांचा तो खेळ त्याच्या डोक्यात घोळत होता. नेमकी त्याच सुमारास तुर्कूपासून तीसेक किलोमीटरवर, पाइमिओ या गावाजवळ क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधण्याची स्पर्धा जाहीर झाली. क्षय हा त्या काळी फिनलंडमधला सर्वांत मोठ्या मारेकऱ्यांपैकी एक. गावोगावच्या स्थानिक संस्थांनी पदरचे पैसे घालून हे काम काढले होते. रोगी येणार होते ते शेतकरी, मजूर, मोलकरणी असेच. १९२९ च्या सुरुवातीला निकाल लागला. तिशी नुकतीच ओलांडणाऱ्या आल्टोचा आराखडा पहिला आला.

आता जागा कशी, ते आधी पाहू. पाइमिओजवळ वाळूमिश्रित जमिनीचा एक उंचवटा, त्यावर पाइनचे दाट रान. सरळसोट, तांबूस खोडांची झाडे. उन्हाळ्यात रात्र नावालाच, आणि हिवाळ्यात दुपारी तीन-साडेतीनलाच दिवेलागण. अशा ठिकाणी ऊन किती मोलाचे, हे कोकणात किंवा देशावर राहून आपल्याला कळणार नाही. आपण सावली शोधतो. फिनलंडचा माणूस उन्हाची तिरीप शोधतो.

आल्टोने काय केले, तर इमारत एका चौकोनात बसवलीच नाही. आपला वाडा कसा असतो? मधे चौक, चारी बाजूंनी सोपे, सगळे एकमेकांकडे तोंड करून बसलेले. पाइमिओची इमारत याच्या बरोबर उलट. तिला लांबट हात आहेत आणि प्रत्येक हात वेगळ्या दिशेला वळलेला आहे. रोग्यांच्या खोल्यांचा सहा मजली हात दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे तोंड करून उभा. कारण सकाळचे कोवळे ऊन खाटेपर्यंत यायला हवे. त्याच्या टोकाला उघड्या सज्ज्यांचा हात. तो आणखी थोडा वळून थेट दक्षिणेचे ऊन घेतो. भोजनगृह, वाचनालय हे दुसऱ्या हातात. स्वयंपाकघर, बाष्पक वगैरे धुराचा आणि आवाजाचा पसारा सर्वांत मागे. एकही हात दुसऱ्याला समांतर नाही. झाडाची फांदी शेजारच्या फांदीला विचारून वाढत नाही, ती उजेड जिकडे तिकडे वळते; तसा हा सगळा प्रकार. नुसती झाडांची चित्रे भिंतीवर काढून किंवा दाराशी दोन कुंड्या ठेवून निसर्गाचा आभास आणणारे वास्तुशिल्पी आपण पुष्कळ पाहतो. आल्टोची पांढरीशुभ्र इमारत झाडासारखी मुळीच दिसत नाही. ती वागते मात्र झाडासारखी.

सज्जे हा त्या काळच्या उपचाराचा गाभा. रोग्यांनी रोज काही तास उघड्यावर पडून राहायचे, बोलायचे नाही, हालचाल करायची नाही, नुसता श्वास घ्यायचा. हिवाळ्यातसुद्धा! अंगावर केसाळ कातड्याच्या पिशव्या ओढून ओळीने पडलेली माणसे, समोर बर्फाने वाकलेली झाडे आणि तोंडातून निघणारी वाफ. छतावर आणखी एक लांबलचक गच्ची होती. तिथून दिसायचे ते झाडांचे शेंडे. ज्यांना चालायची परवानगी मिळे त्यांच्यासाठी खाली वळणावळणाच्या पायवाटा होत्या. डॉक्टर आणि परिचारिका यांची घरेही आल्टोनेच तिथे रानात बांधली. आणि एक गोष्ट त्याने मुख्य इमारतीपासून दूर, झाडांत, मातीआड करून ठेवली: शवागार. सज्ज्यावर पडलेल्या माणसाला त्याचे दार दिसता कामा नये.

पण हे सगळे बाहेरचे. खरी गंमत आहे ती खोलीत.

आल्टो सांगायचा, की या कामाच्या वेळी तो स्वतःच आजारी होता आणि खाटेवर पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आले, की खोल्या या उभ्या माणसासाठी बांधलेल्या असतात. निजलेल्या माणसाला भिंती दिसत नाहीत; त्याला दिसते छत. आणि छताच्या मधोमध, नेमका डोळ्यांत, दिवा. ही गोष्ट त्याने थोडी रंगवली असेलही. त्याचा स्वभावच तसा. पण ज्या कुणाला इस्पितळात चार दिवस काढावे लागले आहेत, तो तिच्यावर अविश्वास ठेवणार नाही. मागे माझ्यावर एक शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी आठ दिवस एका खोलीत उताणा पडून होतो. इस्पितळ चांगले होते, डॉक्टर देवमाणूस. पण डोळ्यांवर ट्यूबलाइट, तिचा एका टोकाला होणारा फडफडाट, न्हाणीघरातल्या नळाची टपटप आणि खिडकी इतकी उंच, की तिच्यातून शेजारच्या इमारतीच्या टाकीचा वरचा काठ तेवढा दिसे. आठ दिवसांत मी त्या ट्यूबलाइटचा जितका द्वेष केला तितका आयुष्यात कुणाचा केला नसेल. पाइमिओच्या रोग्याला आठ दिवस नव्हे, महिनोन् महिने काढायचे होते, कुणाला वर्षे.

म्हणून आल्टोने छताला पांढरा रंग दिलाच नाही. भिंती फिक्या ठेवल्या आणि छत मंद हिरवट, डोळ्यांना निववणारे केले. दिवा नजरेच्या टप्प्याबाहेर, उशामागे गेला. ऊब देणारे तावदान छतातच बसवले, पण ते अशा बेताने, की उष्णता पायांवर पडावी, डोक्यावर नाही. डोके थंड, पाय गरम, ही आपल्या आजीबाईंची शिकवण. फिनलंडच्या आजीबाईही तेच सांगत असाव्यात. खिडकी दुहेरी. बाहेरची गार हवा तिच्या दोन काचांमधून तिरपी फिरून, थोडी कोमट होऊन आत येई. रोग्याच्या अंगावर झोत बसत नसे. आणि खिडकी खालपर्यंत उतरलेली, म्हणजे उशीवरून मान न उचलता पाइनची झाडे दिसावीत.

खोलीत दोन खाटा. दोन रोगी म्हणजे एकाची झोप दुसऱ्याच्या हाती. रात्री एकजण तोंड धुवायला उठला, तर नळाच्या आवाजाने दुसरा जागा होणार. आल्टोने यासाठी हात धुण्याचे भांडे नव्याने घडवले. त्याचा उतार असा, की पाण्याची धार त्यावर तिरपी पडावी आणि आवाज न करता घरंगळत जावी. प्रत्येक रोग्याला आपापले वेगळे भांडे, हेही ओघाने आलेच. एक भिंत आवाज शोषून घेणारी. कपाट जमिनीवर न टेकवता भिंतीला अधांतरी जडवलेले, खाली केरसुणी फिरवता यावी म्हणून. खिडकीखालचा जमिनीचा कोपरा काटकोनात न ठेवता गोलसर वळवलेला, कारण कोपऱ्यात धूळ बसते. दाराची मूठसुद्धा अशी वळवलेली, की घाईने जाणाऱ्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची बाही तिच्यात अडकू नये. जिन्याची आणि प्रवेशदालनाची जमीन मात्र झगझगीत पिवळी. बाहेर महिनोन् महिने सूर्य रुसलेला असताना दारातून आत येणाऱ्याच्या पायाखाली ऊन पसरलेले असावे, असा तो पिवळा रंग.

या एकेका गोष्टीत अचाट असे काही नाही. आपल्या घरातली एखादी सुगरण मावशी आजाऱ्याच्या खोलीत जे करते, दिवा आड करते, पायावर रजई टाकते, खाट खिडकीशी ओढते, तेच हे. फरक एवढाच, की आल्टोने ते काँक्रीटमध्ये आणि चिनी मातीत केले, आणि तेही पावणेतीनशेहून जास्त रोग्यांसाठी.

राहिली खुर्ची. युरोपात तेव्हा पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची लाट आली होती. दिसायला देखण्या, धुवायला सोप्या. आल्टोच्याही घरी तशा होत्या. पण पोलाद अंगाला गार लागते, उजेडात चकाकते आणि आपटले की खणखणते. तुर्कूतले एक फर्निचर कारखानदार, ओटो कोर्होनेन, यांच्याबरोबर बसून आल्टोने लाकूड वाकवण्याचे प्रयोग सुरू केले. लाकूड होते बर्चचे. हिमालयातल्या ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्या भूर्जाचे हे उत्तरेकडचे भावंड. त्याचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून साच्यात वाकवायचे. मग लाकूड पोलादासारखे लवचीक होते आणि तरी हाताला उबदार राहते. १९३१-३२ साली यातून जी खुर्ची निघाली तिच्यात एकही उभा-आडवा सांधा डोळ्यांत भरत नाही. बाजूंना लाकडाची दोन बंद वळणे आणि त्यांच्यामधे एका लाटेसारखी वळलेली बैठक. पाठीचा कोन असा, की तिच्यात बसले की छाती मोकळी होऊन श्वास सहज यावा. आज ही खुर्ची न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे आणि हौशी श्रीमंतांच्या दिवाणखान्यातही. बनली होती ती खोकून खोकून बेजार झालेल्या गरीब शेतकऱ्यासाठी.

या सगळ्यात आयनो कुठे होती? सगळीकडे. फर्निचर, दिवे, खोल्यांची मांडणी यांत तिचा हात होता. पण जग नाव घेते ते अल्वारचे. तिने १९३२ साली साध्या दाबलेल्या काचेचे पेले केले. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळे पेल्यावर एकाखाली एक. किती साधे, आणि तळ्याकाठच्या माणसालाच सुचावे असे! ते पेले अजूनही विकले जातात.

१९३३ साली आरोग्यधाम सुरू झाले. आल्टो एकदम युरोपभर गाजला; त्याच वर्षी लंडनच्या एका बड्या दुकानात त्याच्या लाकडी फर्निचरचे प्रदर्शन लागले, आणि हे घर हेलसिंकीला हलले. पुढची पंधरा वर्षे भराभर गेली. १९३५ साली दोघांनी मित्रमंडळींसह आर्टेक ही फर्निचरची कंपनी काढली. व्हीपुरीचे ग्रंथालय त्याच वर्षी झाले; ते गाव पुढे महायुद्धात रशियाकडे गेले. १९३६ साली ती प्रसिद्ध लाटेची फुलदाणी. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फिनलंडचे दालन, त्याची भिंत लाकडी, उंच आणि पुढे झुकलेली. युद्धानंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत तो शिकवू लागला आणि तिथल्या विद्यार्थ्यांसाठी चार्ल्स नदीच्या काठी त्याने जे वसतिगृह बांधले, ते नागमोडी; जास्तीत जास्त मुलांना खिडकीतून नदी तिरपी दिसावी, रस्त्यावरची रहदारी समोर येऊ नये म्हणून. पाइमिओचीच युक्ती, पाइनच्या जागी नदी.

या अमेरिकेच्या फेऱ्यांच्या काळातच आयनोला कर्करोगाने गाठले. कंपनी ती सांभाळत होती, घर ती सांभाळत होती, नवऱ्याचे हिशेब आणि नवऱ्याला, दोन्ही तीच सांभाळत होती. १३ जानेवारी १९४९ रोजी ती गेली. वय अवघे चोपन्न. परक्या आजाऱ्याच्या उशामागचा दिवा कुठे असावा, याचा विचार करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात आजारपण आले, तेव्हा त्याला ते पेलले नाही. तो दारूत बुडाला, भटकत राहिला. सावरला तो कामामुळे. सेयनात्सालो या बेटावरच्या छोट्या वस्तीसाठी तो लाल विटांची नगरपालिका बांधत होता. त्याच कामावर देखरेख करणारी, त्याच्याहून चोवीस वर्षांनी लहान, एलिस्सा नावाची वास्तुशिल्पी. १९५२ साली दोघांनी लग्न केले. जवळच्याच मुरात्सालो बेटावर त्यांनी उन्हाळ्यासाठी घर बांधले. तिथे जायला आल्टोने स्वतः एक बोट घडवली आणि तिला लॅटिनमध्ये नाव दिले, स्वदेशी संदेष्ट्याला मान नाही अशा अर्थाचे. नाव झोकात होते. पण बोट पाण्यात धड चालेना, वर गळायची! लाट आडनावाच्या माणसाची पाण्यानेच केलेली ही थट्टा.

इटलीच्या वेडाचा फटका सांगायचा राहिला. हेलसिंकीतले फिनलंडिया सभागृह हे त्याच्या उतारवयातले मोठे काम, १९७१ साली पुरे झालेले. त्याला बाहेरून लावला इटलीतल्या काराराचा पांढरा संगमरवर. फिनलंडच्या थंडीउन्हात त्या पातळ फरश्या काही वर्षांतच वाळक्या पानासारख्या वाकायला लागल्या. नव्वदीच्या अखेरीस त्या बदलल्या, पुन्हा तोच दगड लावला, आणि नव्याही वाकल्या. ज्याने पाइनच्या रानाला विचारून भिंतीची दिशा ठरवली, त्याने आपल्या आवडीपुढे आपल्याच देशाच्या हवेला विचारले नाही. मोठी माणसेही अशी विसरतात. मला तर या चुकीमुळे तो जास्त जवळचा वाटतो.

आणि पाइमिओ? इमारतीने रोगी बरे केले का, हा प्रश्न टाळता येत नाही. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला आणि दहा वर्षांत जोडीला आणखी औषधे आली. मग १९५६ साली आपल्याच मद्रासमध्ये एक चाचणी सुरू झाली. क्षयाच्या काही रोग्यांना वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवून औषध दिले. काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच, अपुऱ्या अन्नावर, तेच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्हीकडे गुण जवळजवळ सारखाच. हवा, ऊन, सक्तीची विश्रांती यांवाचून अडत नव्हते. अडत होते ते औषधावाचून. मद्रासच्या गल्ल्यांमधल्या गरिबांनी जगभरच्या सॅनेटोरियमांना टाळे लावायची वेळ आणली असे म्हटले तरी चालेल. मिरजेपासून पाइमिओपर्यंत सगळी आरोग्यधामे ओस पडली किंवा बदलली. पाइमिओचे साठच्या दशकात सामान्य इस्पितळ झाले. उघडे सज्जे काचांनी बंद केले गेले; ज्या हवेसाठी ते बांधले, ती आता नको होती.

म्हणजे आल्टोचा हिशेब चुकला का? रोगाचा हिशेब चुकला, यात वाद नाही. त्याने इमारतीला वैद्यकीय उपकरण मानले होते, आणि उपकरण म्हणून ती वीस-पंचवीस वर्षांत निकामी झाली. पण औषध सापडण्याआधीच्या वर्षांत तिथे जी माणसे महिनोन् महिने पडून होती, त्यातली कितीतरी बरी झाली नाहीत. त्यांच्या वाट्याला आली ती एवढीच खोली. त्यांना रात्री नळाने जागे केले नाही आणि दिव्याने छळले नाही. गोळी हे करत नाही. आजच्या आपल्या चकचकीत इस्पितळांत गोळी उत्तम मिळते आणि ट्यूबलाइट अजून डोळ्यांवरच असते.

आल्टो ११ मे १९७६ रोजी हेलसिंकीत वारला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. १९८६ साली फिनलंडने पन्नास मार्कच्या नोटेवर त्याची छबी छापली, तेव्हा मागे चित्र दिले ते फिनलंडिया सभागृहाचे. वाकलेल्या फरश्या अर्थातच चित्रात दिसत नाहीत. पाइमिओची इमारत १९९३ साली कायद्याने जतन झाली. २०२० साली तिच्यासाठी वेगळे प्रतिष्ठान निघाले, आणि आता जगभरचे लोक रान तुडवत ती पाहायला जातात. रोग्याची एक खोली पहिल्यासारखी लावून ठेवली आहे: दोन खाटा, दोन भांडी, उशामागचे दिवे. उभ्याने आत शिरणाऱ्याची नजर साहजिकच आधी खिडकीकडे, बाहेरच्या पाइनकडे जाते. छताचा हिरवा रंग पाहायला मान वर करावी लागते.